पॅरिस : खिसा सांभाळून, डोळे उघडे ठेवून
कापडाच्या व्यापाऱ्याने आठवडाभराचा प्रवास कसा आखावा?

आमच्या पेढीवर येणारे व्यापारी बांधव आणि कारागीर अलीकडे आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "तुम्ही पॅरिसला जाऊन आलात म्हणे. आमच्यासारख्याला ते परवडेल का?" प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावे, असे आम्ही ठरवले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी कामापुरते येते आणि फ्रेंच तर मुळीच नाही. तरीही आम्ही जाऊन आलो आणि सुखरूप परतलो. म्हणून पहिली गोष्ट ही की भाषेच्या भीतीने कोणी थांबू नये. थांबायचे असेल तर हिशेबाच्या भीतीने थांबावे आणि तो हिशेब नीट मांडला तर ती भीतीही बरीच कमी होते.

पहिल्या फेरीची चूक

आम्ही पॅरिसला दोनदा गेलो. पहिल्यांदा २०११ मध्ये एका सहल कंपनीच्या टोळीबरोबर. पैसे एकरकमी भरले, बस त्यांची, हॉटेल त्यांचे, वेळही त्यांची. आयफेल मनोरा पाहिला, नदीत बोटीतून फिरलो, अत्तराच्या दुकानात दोन तास बसवून ठेवले. प्रदर्शनासाठी म्हणून एक दिवस मोकळा मागून घेतला होता. त्या दिवशी शहरातले साधे तिकीट काढून उपनगराच्या गाडीत बसलो. ते तिकीट शहराच्या हद्दीबाहेर चालत नव्हते. तपासनिसाने पकडले, दंड भरावा लागला आणि निम्मा दिवस त्यातच गेला.

परत आल्यावर थोरल्या भाईजाननी विचारले, "पॅरिसहून काय आणलेस?" आम्ही मनोऱ्याचे फोटो पुढे केले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "हे तर कॅलेंडरवरही असतात." त्या वर्षी पेढीच्या खात्यातून गेलेली रक्कम म्हणजे एका मुलाची वर्षाची फी होती. ते वाक्य आमच्या मनात चौदा वर्षे रुतून राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांदा गेलो, ते पुतण्याला बरोबर घेऊन आणि सगळा बेत स्वतः करून. खाली जे सांगतो आहोत ते या दोन्ही फेऱ्यांचा तजुर्बा आहे.

व्हिसा : घाई नको, दिरंगाईही नको

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्या माणसासाठी त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा खर्च त्याशिवाय. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आमचा सल्ला असा, की दोन-अडीच महिने आधी करावा. मुलाखतीची तारीख मिळायलाच वेळ जातो.

सोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नसावा. हॉटेलचे आरक्षण असेल तर माणशी रोज ६५ युरो आणि नसेल तर रोज १२० युरो इतकी ऐपत दाखवावी लागते, असा फ्रान्सचा ठरलेला नियम आम्हाला सांगण्यात आला. म्हणजे आरक्षण आधी केले की दाखवायची रक्कमही जवळजवळ निम्मी होते.

इथे आपले बरेच बांधव अडकतात. धंदा रोखीचा, बँकेत शिल्लक थोडी. मग अर्जाच्या आठ दिवस आधी कोणाकडून तरी रक्कम आणून खात्यात भरतात. अर्ज तपासणारा माणूस खुळा नसतो. सहा महिन्यांच्या उलाढालीत एकदम आलेली रक्कम त्याला लगेच दिसते. आयकराची विवरणे, जीएसटीची नोंदणी, दुकानाचा परवाना आणि नियमित व्यवहार दाखवणारे बँकेचे उतारे, हेच खरे भांडवल. ते सहा महिने आधीपासून नीट करावे.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे विमानतळावर रांगेसाठी जास्त वेळ धरून चालावे.

सोमवारी पोहोचा

हा एकच सल्ला लक्षात ठेवला तरी या लेखाची किंमत वसूल होईल. पॅरिसमध्ये 'नाविगो' नावाचा आठवड्याचा पास मिळतो. तो सोमवारी सुरू होतो आणि रविवारी मध्यरात्री संपतो. मधेच कधीही घेतला तरी रविवारीच संपतो आणि गुरुवारनंतर चालू आठवड्याचा मिळतच नाही. तुम्ही शुक्रवारी उतरलात तर त्याचा फायदा गेला.

आता आकडे पाहा. २०२५ च्या दराने मेट्रो किंवा उपनगरी गाडीचे एक तिकीट अडीच युरो होते. विमानतळाचे तिकीट मात्र १३ युरो. म्हणजे विमानतळाहून येणे-जाणे यातच २६ युरो गेले. आठवड्याचा पास त्या वेळी ३१ युरो ६० सेंटला होता आणि त्यात विमानतळाची गाडी, सगळ्या मेट्रो, बस, ट्राम आणि सगळी उपनगरे आली. पास ज्या कार्डावर भरतात त्या 'नाविगो देकूवेर्त' कार्डाचे पाच युरो वेगळे. त्यावर चिकटवायला लहान फोटो लागतो. तो घरूनच न्यावा, तिथे यंत्रातून काढायचे पैसे पडतात. हे दर दर वर्षी जानेवारीत थोडे वाढतात, म्हणून निघण्याआधी ताजे दर पाहून घ्यावेत.

शार्ल द गॉल विमानतळाहून आर.ई.आर. बी ही गाडी पस्तीस-चाळीस मिनिटांत गार दू नॉर या मोठ्या स्टेशनात आणते. बाहेर पडताच "टॅक्सी, टॅक्सी" करत अंगावर येणाऱ्याच्या मागे जाऊ नये. अधिकृत टॅक्सीचा दर ठरलेला असतो. २०२५ मध्ये नदीच्या उजव्या काठासाठी तो ५६ युरो होता. चार जण असाल आणि सामान जड असेल तरच तो परवडतो.

२०११ मध्ये आम्हाला ज्या कारणाने दंड झाला, ते कारणही आता उरलेले नाही. जानेवारी २०२५ पासून विमानतळ सोडून पॅरिस आणि उपनगरांसाठी गाडीचे एकच तिकीट झाले. पण तिकीट किंवा पास बाहेर पडेपर्यंत जवळ ठेवावाच लागतो.

राहणे आणि खाणे

मनोऱ्याजवळ राहण्याचा हट्ट धरू नये. पासात उपनगरे येतातच, मग उपनगरातच राहावे. आम्ही उत्तरेकडच्या सें-दनीमध्ये छोट्या स्वयंपाकघराची खोली घेतली. तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांत गार दू नॉर. दोघांसाठी शहराचा कर धरून रोज ८५ युरो पडले. हा कर माणशी आणि दर रात्री लागतो, पुष्कळदा आरक्षणाच्या रकमेत दाखवत नाहीत आणि २०२४ पासून तो बराच वाढला आहे. म्हणून आधी विचारून घ्यावे. प्रदर्शनाच्या दिवसांत खोल्यांचे दर दुप्पट होतात. आम्ही चार महिने आधी आरक्षण केले होते.

जेवणाची काळजी आपल्या लोकांना सगळ्यात जास्त असते. खरे तर ती सगळ्यात कमी करावी. फ्रान्समध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. बार्बेस, बेलव्हिल, सें-दनी या भागांत 'हलाल' अशा पाट्या जागोजागी दिसतात. गार दू नॉरच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकाने आहेत. तिथे तांदूळ, मसूर, मिरची, कढीपत्ता सगळे मिळते. आमचा पुतण्या रोज रात्री खिचडी लावायचा. सकाळी लांबोडा पाव म्हणजे बागेत, उकडलेली अंडी आणि चहा. दुपारी बार्बेसला कबाब किंवा कुसकुस. बार्बेसला पुलाखाली बुधवारी आणि शनिवारी सकाळी भाजीबाजार भरतो. फळे तिथेच घ्यावीत.

घरून चहापत्ती आणि मसाला न्यावा. पण तूप, खवा, मिठाई, वाळवलेले मांस असे काहीही नेऊ नये. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात मनाई आहे.

पाकिटावरचे चार शब्द ओळखून ठेवावेत. 'पोर' म्हणजे डुकराचे मांस, 'जांबों' आणि 'लार्दों' हे त्याचेच प्रकार आणि 'सेंदू' म्हणजे त्याची चरबी. उच्चार असे असले तरी स्पेलिंग वेगळे असते, म्हणून कोणाकडून तरी लॅटिन अक्षरांत लिहून घेऊन तो कागद खिशात ठेवावा. साध्या बागेतमध्ये पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढेच असते.

पाणी विकत घेऊ नये. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. रस्त्यावर हिरव्या लोखंडी पाणपोया दिसतात. रिचर्ड वॉलेस या दानशूर माणसाने १८७२ पासून त्या बांधायला घेतल्या, आजही त्या वाहतात. हॉटेलात बसलात तर "कराफ दो" मागावे. नळाच्या पाण्याची ही सुरई फुकट मिळते.

नमाजसाठी पाचव्या विभागातली मोठी मशीद पाहण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ ती बांधली गेली आणि १९२६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. हिरव्या-निळ्या फरशीचे अंगण आणि ३३ मीटर उंच मिनार. जुम्म्याला गर्दी असते, लवकर जावे. पॅरिसहून किब्ला आग्नेयेकडे येतो, आपल्यासारखा पश्चिमेला नाही. हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, उन्हाळ्यात रात्री दहाच्या आसपास. त्यानुसार दिवसाचा बेत करावा. घरच्या बायकांना नेणार असाल तर एक कायदा माहीत असावा. रस्त्यावर डोक्याला रुमाल चालतो, पण चेहरा झाकायला सार्वजनिक जागी एप्रिल २०११ पासून बंदी आहे आणि दंडही आहे.

आता कापडाचे बोलू

मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गावर आंवेर नावाचे स्टेशन आहे. तिथून वर मोंमार्त्रच्या टेकडीकडे चढताना पायथ्याशी कापडबाजार लागतो, मार्शे सें-पिएर. मजल्यांवर मजले तागे लावलेले. शेजारी तीन-तीन मीटरचे तुकडे विकणारी दुकाने. त्या तुकड्याला ते 'कूपाँ' म्हणतात, आपण कटपीस म्हणतो. पाटी वाचता आली नाही तरी धंदा लगेच ओळखता आला. हात लावून पोत पाहावा, पन्हा मोजावा, भाव टिपावा. कोणी हाकलत नाही. एकच अट, दुकानात शिरताना "बोंझूर" म्हणायचे. न बोलता आत शिरणे तिथे उद्धटपणाचे समजतात. आम्ही पहिल्या फेरीत हे पाळले नव्हते आणि दुकानदार तुसडे आहेत असा ग्रह करून घेतला होता. तुसडे आम्हीच होतो.

टेकडीच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधून पैसे उकळणारे आणि अर्जावर सही मागणारे भेटतात. हात खिशात ठेवून पुढे चालावे. मेट्रोत पाकीट आतल्या खिशात असावे.

त्याच बाजाराजवळच्या एका दुकानाच्या काचेत आम्हाला एक सुती स्टोल दिसला. ठोकळ्याने छापलेला, बेलबुट्टी. किंमत ३९ युरो. पुतण्या म्हणाला, "चाचा, हा तर आपला माल." आमचा नव्हता, पण आमच्यासारखाच होता. तसा नग आम्ही घाऊक अडीचशे रुपयांना देतो. आम्ही आत गेलो, बोंझूर केले आणि तो हातात घेतला. मग कळले फरक कुठे आहे. कडा हाताने दुमडून शिवलेल्या. धुतल्यावर रंग उतरणार नाही याची हमी. कोपऱ्यात छोटी पट्टी, तिच्यावर सुताचे प्रमाण आणि धुण्याची रीत. युरोपात कापडावर तंतूंचे प्रमाण लिहिणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि काही अॅझो रंगांना पूर्ण मनाई आहे. बाकीचे पैसे भाड्याचे, कराचे आणि त्या काचेच्या दिव्याचे. पण त्या ३९ मधले दोन-तीन युरो तरी शिलाईचे आणि सफाईचे होते आणि ते आपण आपल्या हाताने सोडून देतो.

ही गोष्ट नवी नाही. सतराव्या शतकात आपल्या देशाचे छापील सुती कापड फ्रान्समध्ये इतके खपू लागले की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी आरडाओरड केली. १६८६ मध्ये राजाने ते आणायला, छापायला बंदी घातली. बंदी १७५९ पर्यंत टिकली. लोक चोरून नेसतच राहिले. त्या कापडाचे नावच 'अँदिएन', म्हणजे हिंदी. बंदी उठताच पुढच्याच वर्षी, १७६० मध्ये, ओबरकाम्फ नावाच्या जर्मन कारागिराने व्हर्सायजवळ जुई गावात छपाईचा कारखाना काढला. आधी लाकडी ठोकळे, मग तांब्याचे पत्रे, शेवटी तांब्याचे रूळ. 'तुआल द जुई' हे नाव आजही जगभर विकले जाते. पॅरिसमध्ये ओबरकाम्फच्या नावाचे मेट्रो स्टेशन आहे आणि जुई गावात या कापडाचे संग्रहालय आहे. तिथवरही तोच पास चालतो. नमुना आपला होता, नाव त्याचे झाले. त्याने सफाई राखली, लॉट सारखा ठेवला आणि माल वेळेवर दिला. हा धडा आम्हाला त्या बाजारात उभे राहून समजला.

प्रदर्शनाला जायचे असेल तर घरसजावटीच्या मालाचे मोठे प्रदर्शन, मेझों ए ऑब्जे, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये विलपांत येथे भरते. ते आर.ई.आर. बी वरच आहे. स्टेशनाचे नाव 'पार्क दे एक्सपोझिसियों'. नोंदणी व्यापारी म्हणून घरूनच करावी. सोबत इंग्रजीतले कार्ड आणि वजनाला हलके दहा-बारा नमुने ठेवावेत. पाठवलेल्या पत्रापेक्षा हातात दिलेला नमुना जास्त बोलतो.

फुकटचे पॅरिस

शहर पाहायला पैसे लागतातच असे नाही. पेती पाले, कार्नावाले अशी नगरपालिकेची संग्रहालये कायमच्या दालनांसाठी विनामूल्य आहेत. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेले नोत्र दाम चर्च विनामूल्य आहे. अरब जगत संस्थेच्या नवव्या मजल्यावरच्या गच्चीतून नदी आणि शहर फुकट दिसते. मनोरा त्रोकादेरोच्या चौथऱ्यावरून सगळ्यात चांगला दिसतो, त्यावर चढलेच पाहिजे असे नाही. लूव्रमध्ये इस्लामी कलेचे मोठे दालन २०१२ पासून आहे, गालिचे आणि भांडी पाहण्याजोगी आहेत. पण २०२६ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या पाहुण्यांना तिथे ३२ युरो पडतात. जुलै-ऑगस्ट सोडून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर ते विनामूल्य असते. मंगळवारी बंद असते. ऑगस्टमध्ये लहान दुकाने पुष्कळ बंद राहतात, म्हणून व्यापाऱ्याने तो महिना टाळावा.

हिशेब

आम्हा दोघांचा सोमवार ते रविवारचा तिथला खर्च असा झाला. खोली सहा रात्री, ५१० युरो. पास आणि कार्डे, ७३ युरो २० सेंट. जेवण, १९० युरो. किरकोळ, ४० युरो. एकूण ८१३ युरो २० सेंट, म्हणजे माणशी ४०७ युरोच्या आत. त्या वेळी युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणून माणशी साधारण साडेछत्तीस हजार रुपये. विमान, व्हिसा, विमा आणि प्रदर्शनाची नोंदणी वेगळी. त्यानंतर २०२५ मध्येच युरो शंभराच्या वर गेला, तेव्हा आज हिशेब मांडणाऱ्याने रुपयांचा आकडा वाढवून धरावा. विमानाचे तिकीट आखातातून एक थांबा घेणारे आणि लवकर काढलेले स्वस्त पडते.

वाचलेल्या पैशांतून आम्ही ३०० युरोचे नमुने आणले. एकाच दुकानातून शंभर युरोच्या वर स्वतःसाठी खरेदी केली तर विमानतळावर कराचा काही भाग परत मिळतो. त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून कागद करून घ्यावा लागतो. विक्रीच्या मालाला ही सवलत नसते.

परत आल्यावर भाईजाननी तोच प्रश्न विचारला. या वेळी आम्ही पिशवी उघडली. त्यांनी चष्मा लावला, तो ३९ युरोचा स्टोल उलटसुलट केला, कड नखाने तपासली आणि शिलाई करणाऱ्या कारागिराला हाक मारली. "अशी कड किती वेळात होईल?" तो म्हणाला, "दुप्पट वेळ लागेल, मजुरीही वाढवावी लागेल." भाईजान म्हणाले, "वाढवू."

चार महिन्यांनी ज्या दुकानदाराला कार्ड दिले होते त्याने साठ नग मागवले. साठ नग म्हणजे काही मोठी कमाई नव्हे, पाठवणीचा खर्चच बराच गेला. पण आता आमच्या पेढीत सगळाच माल तशा कडेचा होतो आणि इथलेच गिऱ्हाईक त्याला जास्त भाव देते. आमच्या प्रवासाचा खर्च पॅरिसने नाही, आपल्याच बाजाराने भरून दिला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कर्ज काढून जाऊ नये, मुलांची फी मोडून जाऊ नये. अंथरूण पाहूनच पाय पसरावे. पण अंथरूण थोडे असेल तरी नीट घडी घालून ते पॅरिसपर्यंत पुरते. जाल तेव्हा घरून एकच प्रश्न सोबत न्या, "परत येताना काय आणणार?" त्याचे उत्तर फोटो नसावे.